एल्डन लिबी बंदूक विकतो

गेल्या नोव्हेंबरात एल्डन लिबीने एक हरीण मारलं. हरीण सिमेंटचं होतं आणि चर्चच्या पाद्रीणबाईंच्या अंगणात उभं होतं. पाद्रीणबाईंनी त्याला माफ केलं, कारण माफ करणं हे त्यांचं कामच. पण हरणाचा तुटलेला कान मात्र त्यांनी खिडकीत ठेवला, रस्त्याने जाणाऱ्याला नीट दिसेल असा.

ग्लेनिस ही एल्डनची बायको. तिने त्याला गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून टाका. एल्डन म्हणाला, बघू. बघू बघू म्हणता वर्ष सरलं, मेपलची पानं लाल झाली, शिकारीचा पुढचा मोसम तोंडावर आला. मग एका सकाळी पॅनकेकवर पाक ओतता ओतता ग्लेनिस म्हणाली,

"एल्डन, एक तर डोळे करून घे, नाहीतर बंदूक विकून टाक."

"आणि दोन्ही नाही केलं तर?"

"तर मी ऑड्राकडे राहायला जाईन. नाही, थांब. ऑड्राला इथे राहायला बोलावीन."

एल्डनने त्याच दिवशी दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. फळा कॉफीच्या यंत्राशेजारी होता, त्यामुळे गावातलं काहीही तिथे लावलं की दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. 'हरणाची रायफल विकणे आहे. चांगल्या माणसाला. एल्डन लिबी.'

'चांगल्या माणसाला' हे त्याने सहज लिहिलं होतं. सगळा घोटाळा तिथे झाला.

आता ही ऑड्रा कोण, ते सांगायला हवं. ऑड्रा ही ग्लेनिसची थोरली बहीण. हेरिक मिल्स या त्यांच्या गावच्या वाचनालयात जन्म काढलेली, आणि निवृत्त झाल्यावरही लोक तिच्यासमोर आपोआप हळू आवाजात बोलत. ती रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर राहायची, आणि त्या वर्षी तिचं नि एल्डनचं पाट्यांचं युद्ध पेटलं होतं.

झालं होतं असं, की दुकानातून बंदूक घ्यायची तर दुकानदार कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचं नाव घालतो, सरकारकडून होकार आला की माल हातात. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकायची, तर मेन राज्यात हात मिळवला की काम झालं. त्या नोव्हेंबरच्या मतदानात लोकांना विचारलं जाणार होतं, की शेजाऱ्यालाही आधी दुकानात नेऊन त्याची चौकशी करून घ्यावी का. अर्धं गाव म्हणे, घ्यावी. अर्धं गाव म्हणे, आमच्या चुलीपर्यंत सरकार कशाला?

एल्डन दुसऱ्या अर्ध्याचा म्होरक्या होता. त्याच्या अंगणात पाटी होती: 'माझा शेजारी मला ठाऊक आहे. सरकारने नाक खुपसू नये.' दुसऱ्या दिवशी ऑड्राच्या अंगणात पाटी आली: 'चौकशीला कोण भितो? ज्याच्या मनात चांदणं तो.' मग एल्डनने पाटी मोठी केली. ऑड्राने त्याहून मोठी केली. एल्डनने कोठाराचं जुनं दार उतरवून त्यावर लिहिलं. ऑक्टोबर मध्यावर आला तोवर ऑड्राची पाटी एवढी झाली होती, की पोस्टमनला तिची पत्रपेटी सापडेना, आणि तो तिची पत्रं एल्डनकडे टाकून जायला लागला.

बंदुकीला पहिलं गिऱ्हाईक आलं ते रॉस्को थर्लो. रॉस्को लोकांच्या घरचे बॉयलर दुरुस्त करायचा. हसरा, ऐसपैस माणूस. हातात पैसे घेऊनच आला.

"बस. कॉफी घे," एल्डन म्हणाला.

"कॉफी राहू द्या, मिस्टर लिबी. बंदूक बघतो, पैसे देतो, पळतो. मिसेस हॅचचा बॉयलर उघडा टाकून आलोय."

"म्हातारी थंडीत कुडकुडत बसलीय, आणि तू बंदूक घ्यायला आलास?"

"तिनेच पाठवलं. म्हणाली, दुसरं कोणी नेईल त्याआधी जा."

रॉस्कोने रायफल उचलली, खांद्याला लावली, खिडकीबाहेर रोखून पाहिलं.  एल्डनने उभी हयात शाळेची पिवळी बस चालवली होती. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस त्या बसमधून गेलेला, आणि डोक्यावरच्या मोठ्या आरशात एल्डनने प्रत्येकाला पाहिलेलं. सरकारला काय ठाऊक असतं? कोर्टात गेलेलं तेवढं. एल्डनला बाकीचं सगळं ठाऊक होतं.

"रॉस्को," तो म्हणाला, "तू दुसरीत असताना केंड्रा स्मॉलला चावला होतास."

रॉस्कोने बंदूक खाली घेतली. "काय?"

"दंडाला. दात उमटले होते. मी बस थांबवून पट्टी बांधली होती."

"मिस्टर लिबी, मी सात वर्षांचा होतो. आणि केंड्रा आता माझी बायको आहे."

"म्हणजे तिला तू अजून सोडलं नाहीस."

रॉस्को हसला. एल्डन हसला नाही. त्याने रायफल हळूच काढून घेतली, पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

रॉस्को गेल्यावर त्याच्यासाठी ओतलेली कॉफी एल्डनने स्वतःच पिऊन टाकली. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचंच नवल वाटलं होतं. हात मिळवायचा, पैसे घ्यायचे, एवढाच त्याचा बेत होता. पण रॉस्कोने बंदूक उचलली आणि त्याला पन्नाशीकडे झुकलेला रॉस्को दिसेचना. दिसलं ते तोंडाला केंड्राच्या स्वेटरची लोकर चिकटलेलं पोर.

एकदा सुरुवात झाली आणि मग त्याला आवरता येईना. अग्निशमन दलाचा कॅप्टन आला, तो परत गेला, कारण लहानपणी त्याने बसचं मागचं आपत्कालीन दार तीनतीनदा विनाकारण उघडलं होतं. पाचवीच्या वर्गाची बाई आली, ती परत गेली. तिने खिडकीतून दुसऱ्याचे बूट फेकले होते, आणि एल्डनच्या मते जो बूट फेकतो तो पुढे काहीही फेकू शकतो. एके दिवशी तळ्याकाठी उन्हाळ्यापुरता बंगला असलेला मॅसॅच्युसेट्सचा एक गृहस्थ आला. प्रेस्कॉट त्याचं नाव. पायात कोरे करकरीत बूट. तो एल्डनच्या बसमधून कधीच गेला नव्हता.

"मला तुमची काहीच माहिती नाही," एल्डन काळजीने म्हणाला.

"हे माझं कार्ड."

"कार्ड काय, कोणीही छापून घेतो. सासूबाईंचा नंबर आहे?"

प्रेस्कॉटला वाटलं, गावाकडची थट्टा आहे. त्याने हसत हसत नंबर दिला. एल्डनने लगेच फोन लावला. पुढचा बराच वेळ प्रेस्कॉटला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. "हं... हं... नाताळच्या दिवशी?... सगळ्यांसमोर?... मग टर्की उचलला कोणी?... नाही, नाही, बाई, तुमचं अगदी बरोबर आहे."

त्याने फोन ठेवला. "बंदूक मिळणार नाही," तो म्हणाला. "आणि त्यांची सूपची भांडी परत करा. तीन वर्षं झाली."

ग्लेनिस स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. प्रेस्कॉटची गाडी गेल्यावर ती भांड्यातला चमचा हातात घेऊन दारात आली.

"एल्डन, तू बंदूक विकतोयस की मुलगी देतोयस?"

"विचारायला काय हरकत आहे?"

"हेच वाक्य ऑड्राच्या नव्या पाटीवर लिहिलेलं आहे."

"तिच्या पाटीवर वेगळं आहे," एल्डन म्हणाला. "ते सरकारचं आहे. हे माझं आहे."

इकडे रॉस्कोने काय केलं, तर पुढच्या गावात मर्लचं बंदुकांचं दुकान होतं तिथे गेला. मर्लने कॉम्प्युटरवर त्याचं नाव घातलं. रॉस्कोचा डोनट खाऊन व्हायच्या आत होकार आला. रॉस्को नवी रायफल घेऊन तडक एल्डनच्या दारात.

"बघा, मिस्टर लिबी. अख्ख्या अमेरिकेची हरकत नाही. फक्त तुमची आहे."

"अमेरिका माझ्या बसमध्ये नव्हती," एल्डन म्हणाला.

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. रॉस्को मनाने मोठा, पण गप्प बसणारा नव्हे. त्याने नारिंगी टोप्या छापून घेतल्या. वर अक्षरं: 'लिबीकडून नापास.' ज्यांना ज्यांना एल्डनने परत पाठवलं होतं त्या सगळ्यांना त्याने एकेक टोपी दिली, आणि सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी नापासांचा अड्डा भरायला लागला. टोपी झकास होती. ज्यांना बंदूक नको होती तेही आता एल्डनकडे यायला लागले, नुसती टोपी मिळावी म्हणून. घोंगडी विणणारी मिसेस हॅच काठी टेकत आली. "मला नाही म्हण, एल्डन," ती म्हणाली, "पण लवकर म्हण, गाडी चालू ठेवलीय." शेवटी पाद्रीणबाई आल्या.

"तुम्हालाही बंदूक हवी?" एल्डनने घाबरत विचारलं.

"माझ्याकडे असली तर माझ्या अंगणाला धोका कमी."

एल्डनने मान खाली घातली. खूप विचार केला. "तुम्हाला नाही देता येणार, बाई. तुम्ही फार लवकर माफ करता. कोणीही येऊन मागितली तर देऊन टाकाल."

पाद्रीणबाईंनी पुढच्या रविवारचं प्रवचन टोपी घालून दिलं.

मतदानाआधीच्या शनिवारी ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या सभागृहात, घेवड्यांचं जेवण होतं. दरवर्षीसारखंच: मातीच्या भांड्यात रात्रभर शिजलेले घेवडे, काळा पाव, लाल सॉसेज, आणि मग सफरचंद भरून भाजलेली पाई. पण यंदा जेवताना वादविवाद ठेवला होता. एका बाजूने एल्डन, दुसऱ्या बाजूने ऑड्रा. अध्यक्ष कोरीन वीलेट. गेली कित्येक वर्षं घेवडे तीच वाढायची, त्यामुळे तिच्याशी वाकडं घ्यायची कोणाची छाती नव्हती.

एल्डन उभा राहिला. समोर बघतो तर हॉल नारिंगी. त्याच्या डोळ्यांना चेहरे धुरकट दिसत होते, टोप्या मात्र लख्ख दिसत होत्या.

"मंडळी," तो म्हणाला, "हे छोटं गाव आहे. इथे आपण एकमेकांना ओळखतो. सज्जन माणसाला चौकशी लागत नाही."

रॉस्कोने तोंडात सॉसेज असतानाच हात वर केला. "मग मला का नाही दिलीत?"

"कारण मी तुला ओळखतो."

टाळ्या पडल्या. नक्की कोणत्या बाजूने पडल्या, ते सांगणं कठीण.

"बरं," रॉस्को म्हणाला, "मग या हॉलमध्ये असा कोण आहे, ज्याला तुम्ही काही न विचारता बंदूक विकाल? नुसतं नाव सांगा."

एल्डनने चष्मा पुसला. पहिल्या टेबलाकडे पाहिलं. दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. तिसऱ्यावर त्याची नजर जरा रेंगाळली, तिथल्या माणसाने छाती पुढे काढली, आणि नजर पुढे सरकली. घेवडे निवायला लागले. प्रामाणिक माणूस असण्याचा हा तोटा आहे. दुसऱ्या कोणी पटकन एखादं नाव ठोकून दिलं असतं.

"मी?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

"कोण आहेस ते दिसत नाही," एल्डन म्हणाला, "पण आवाजावरून सांगतो, नाही."

ऑड्रा उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते तिने वाचनालयात कधी दाखवलं नव्हतं.

"ऐकलंत?" ती हळू म्हणाली, आणि हॉल चिडीचूप झाला. "माणूस असा असतो. दुसरीत कोण चावलं, हे धरून बसतो. कॉम्प्युटरला राग नाही, लोभ नाही. खून, मारामारी, कोर्टाचा हुकूम, एवढंच तो बघतो. सगळ्यांना सारखा. म्हणून चौकशी त्याच्याकडे हवी, एल्डनसारख्यांकडे नको."

भाषण उत्तम झालं होतं. तिथेच ती बसली असती तर जिंकलीच होती. पण तिने विचारलं, "कोणाला काही शंका?"

रॉस्को पुन्हा उठला. "मिस ऑड्रा, मला कॉम्प्युटरने पास केलंय. समजा बंदूक तुमची असती. मला विकली असतीत?"

ऑड्राच्या मानेवर लाली चढली.

"तू," ती म्हणाली, "पुस्तकं परत टाकायच्या पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं टाकलं होतंस."

"पण कॉम्प्युटर म्हणतो—"

"कॉम्प्युटरला डंख झाला नव्हता."

यावर हॉलमध्ये जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करणं अवघड आहे. एल्डन आनंदाने टेबल बडवायला लागला. रॉस्कोने एक टोपी काढून ऑड्रापुढे धरली. मग कॅप्टन म्हणाला, पोळं रॉस्कोने टाकलं असेल, पण आणलं होतं पाचवीच्या बाईंनी. बाई म्हणाल्या, आणलं मी, पण कल्पना पाद्रीणबाईंच्या भावाची. मग ज्याला त्याला ज्याचं त्याचं आठवायला लागलं. कोणी कोणाचा बर्फाचा बोगदा पाडला, कोणी कोणाच्या सशाला दाढी रंगवली, कोणी कबरस्तानात भोपळे फोडले. मतदानाचा प्रश्न कुठल्या कुठे राहिला. शेवटी कोरीनने डावाने भांडं वाजवलं आणि जाहीर केलं, की जो आत्ता खाली बसणार नाही त्याला पाई मिळणार नाही. सगळे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एल्डनच्या दारावर टकटक झाली. दारात एक चाळिशीची बाई उभी होती. शेजारच्या गावात दातांच्या दवाखान्यात ती लोकांचे दात साफ करायची. नाव डेल्फीन मिशो.

"बंदूक आहे का अजून?" तिने विचारलं.

"टोप्या संपल्यात असं ऐकलं," एल्डन वैतागून म्हणाला.

"टोपी नकोय."

एल्डनने तिला आत घेतलं, कॉफी दिली, आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. डोक्यात काहीच येईना. "तू माझ्या बसला होतीस?"

"होते. तुमच्या बरोबर मागच्या सीटवर."

 ती एकच सीट आरशात दिसायची नाही. इतकी वर्षं त्याने मागचं सगळं जग पाहिलं, आणि पाठीला लागून बसलेलं पोर पाहिलं नाही.

"कोणाला चावलीस?"

"नाही."

"खिडकीतून काही फेकलंस?"

"नाही."

"पोळं?"

"नाही."

"म्हणजे कधीच काही केलं नाहीस," एल्डन म्हणाला. त्याला हे फारच संशयास्पद वाटत होतं.

डेल्फीनने जरा विचार केला. "एकदा आजारी आहे असं खोटं सांगून घरी राहिले. आदल्या दिवशी तुम्ही बस चालवताना रडत होतात. तुमचा कुत्रा गेला होता. बाकी कोणाला कळलं नाही, पण मागून तुमचे कान लाल झालेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ते बघवलं नसतं मला."

 त्या कुत्र्याबद्दल तो कोणाशीच बोलला नव्हता. ग्लेनिस स्वयंपाकघरात काहीतरी धूत होती, तिने नळ बंद केला.

"बंदूक घेऊन जा," एल्डन म्हणाला.

"थांबा," डेल्फीन म्हणाली. "माझं विचारून व्हायचंय."

तिने रायफल उघडली, नळीत डोकावली, बोट फिरवलं आणि ते बोट एल्डनला दाखवलं. काळं होतं. "हिला कधी घासली होती?"

"मोसम संपल्यावर घासणार होतो."

"सगळे असंच म्हणतात," दात साफ करणाऱ्या बाईच्या आवाजात ती म्हणाली. "का विकताय?"

एल्डनने नाइलाजाने हरणाची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकली.

"ही तुमचीच आहे ना? कुठून चोरीची वगैरे?"

"डेल्फीन, मी लिबी आहे. गाव मला ओळखतं."

"मी मागून ओळखते, मिस्टर लिबी. मानेपुरतं. आपण मर्लकडे जाऊ. तो माझं नाव बघेल, बंदुकीचा नंबर बघेल, मग मी घेईन. नाहीतर नको."

आणि अशा रीतीने, कोठाराच्या दारावर सरकारला शिव्या लिहिणारा एल्डन लिबी आपण होऊन चौकशी करून घ्यायला निघाला. गाडी ग्लेनिस चालवत होती. एल्डनने टोपी नाकापर्यंत ओढली होती. पण ऑड्राचं घर समोर. गाडी सुरू होण्याआधी मागचं दार उघडलं आणि ऑड्रा कोट चढवत आत शिरली. "हे मला डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणाली, आणि मर्लच्या दुकानापर्यंत सगळी वाट बारीक आवाजात गुणगुणत राहिली.

मर्लने बंदुकीचा नंबर पाहिला, ठीक होता. डेल्फीनचं नाव कॉम्प्युटरवर घातलं. सगळे वाट बघत उभे राहिले. मर्लने पडदा वाचला, डोकं खाजवलं.

"थांबा म्हणतोय."

"थांबा म्हणजे?" ऑड्राने विचारलं.

"होही नाही, नाहीही नाही. बहुतेक कुठेतरी याच नावाची दुसरी कोणी आहे, तिचं काही लफडं असेल. वर नीट बघतील आणि कळवतील. काही दिवस जातात."

ऑड्राचं गुणगुणणं थांबलं. "काही दिवस? या मुलीला? मर्ल, हिने आयुष्यात एक पुस्तक उशिरा परत केलं नाही. त्या डबड्याला सांग की ऑड्रा सांगतेय."

"त्याला असं सांगता येत नाही, मिस ऑड्रा."

"मग तो कसला डोंबलाचा कॉम्प्युटर? मी हिला ओळखते ना. माझा शब्द पुरे."

"ऑड्रा, जरा दमाने," एल्डन म्हणाला. "घाई कसली आहे? त्यांना नीट बघू दे. उद्या खरंच दुसरी कोणी निघाली तर?"

"तू मध्ये बोलू नकोस. माणसाने माणसावर विश्वास ठेवायचा की नाही?"

"ठेवायचा. पण एकदा खात्री करून घेतली तर बिघडलं काय?"

मर्लने आधी याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही दोघं नक्की कोणत्या बाजूचे?" त्याने विचारलं.  डेल्फीन स्टुलावर बसून मर्लचा डोनट खात होती.

ते दिवस एल्डनला खायला उठले. तो सकाळी मर्लला फोन करी, दुपारी करी. मर्ल म्हणे, निरोप आला की सांगतो. ऑड्राने राज्याच्या राजधानीत फोन लावला आणि तिथल्या कुठल्यातरी बाईला इतकं झापलं, की ती बाई शेवटी कुजबुजत बोलायला लागली. डेल्फीन मात्र निवांत. संध्याकाळी ती कामावरून येताना एल्डनकडे उतरायची आणि दोघं अंगणात बसून रायफल साफ करायची. नळी घासताना ती बोलायची. दवाखान्यात तिच्यासमोरचे लोक आ वासून पडलेले असत, त्यामुळे मध्येच कोणी उत्तर देईल ही सवयच तिला नव्हती. कोणाच्या दाढेत काय अडकलं होतं, कोण दात घासतो असं खोटं सांगतं, सगळं एल्डनला कळलं. एल्डन आ वासून ऐकायचा. त्या निमित्ताने तिने त्याची एक किडलेली दाढही पाहून घेतली.

मतदान आलं आणि गेलं. पडद्यामागे एल्डन इतका वेळ राहिला, की रांगेतून रॉस्को ओरडला, मतपत्रिका चावतेय का ती? बाहेर आल्यावर ग्लेनिसने विचारलं, काय केलंस? एल्डन म्हणाला, ते माझं मला. ऑड्राही आत बराच वेळ होती, आणि तीही काही बोलली नाही. ठराव राज्यात थोडक्या मतांनी पडला. हेरिक मिल्समध्ये मात्र मतं अगदी काठावर पडली, आणि कोण कुठून कुठे सरकलं यावर कॉफीच्या यंत्रापाशी बरेच दिवस पैजा लागत राहिल्या.

डेल्फीनचा होकार मतदानानंतर दोन दिवसांनी आला. तिने पैसे दिले, हात मिळवला, रायफल घेतली, आणि पुढच्याच आठवड्यात एक खरंखुरं, हाडामांसाचं हरीण मारलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला ग्लेनिसने तिला जेवायला बोलावलं. ती हरणाचं मांस भरलेली पाई घेऊन आली. ऑड्रा होतीच. टर्की कापून होईपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग ऑड्राने सहज म्हटलं, की बरं झालं तो ठराव पडला.

एल्डनने सुरी खाली ठेवली. "बरं झालं? ऑड्रा, तुला कल्पना आहे, मला अख्ख्या गावाला तोंडावर नाही म्हणावं लागलं? मर्ल नाही म्हणतो तेव्हा कोणी टोप्या छापत नाही. म्हणतात, कॉम्प्युटरने सांगितलं, मर्ल तरी काय करणार बिचारा."

"आणि ही मुलगी दिवसचे दिवस ताटकळली त्याचं काय? सरकारला काय ठाऊक ही कोण आहे? आपल्या शेजाऱ्याला आपण ओळखतो."

"ओळखतो कसले? माझ्या पाठीमागे बसायची, मला पत्ता नव्हता."

"तुझा आरसा वाईट, म्हणून काय सगळ्या गावाने रांगेत उभं राहायचं?"

डेल्फीनने घास थांबवला. एकदा एल्डनकडे पाहिलं, एकदा ऑड्राकडे, आणि काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं. टेबलाखालून ग्लेनिसने तिच्या पायावर पाय दिला.

"बटाटे घे," ग्लेनिस हळूच म्हणाली. "कळेल त्यांचं त्यांना."

ऑड्राने एल्डनला मूर्ख म्हटलं. एल्डनने तिला हट्टी म्हातारी म्हटलं. मग ऑड्राने हरणाच्या पाईचा सगळ्यात मोठा तुकडा आपल्या ताटात ओढला, आणि एल्डन त्यावर हरकत घ्यायला उठला.